बाबासाहेब आंबेडकर यांचा पोशाख

भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल, १८९१ – ६ डिसेंबर, १९५६) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री आणि भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. ते बाबासाहेब या नावाने ओळखले जातात. कोट, पांढरा शर्ट, ताठ बसलेली कॉलर आणि टाय हा त्यांचा सार्वजनिक जीवनातील नेहमीचा पोशाख होता. ज्या समाजात ते जन्मले, त्या समाजाने काय नेसावे व काय नेसू नये हे इतरांनी ठरवण्याची प्रथा होती. त्यामुळे त्यांचा पोशाख ही केवळ वैयक्तिक आवड राहिली नाही. स्वाभिमान आणि समतेच्या चळवळीत त्याला स्वतंत्र अर्थ प्राप्त झाला. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आढावा पोशाखाच्या अंगाने घेतला असून नाशिक येथील काळाराम मंदिर सत्याग्रह आणि नाशिक जिल्ह्यातील येवला येथील घोषणा या दोन घटनांचा त्यात विशेष समावेश आहे.

पार्श्वभूमी

भारतीय समाजव्यवस्थेत वस्त्र हे जातीची ओळख पटवण्याचे एक साधन होते. धोतराचा काठ, पागोट्याची बांधणी, लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिन्यांचा धातू यांवरून व्यक्तीची जात ओळखली जाई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींनी चांगले वस्त्र वापरणे हा अनेक ठिकाणी सवर्णांचा अपमान समजला जात असे. आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात याचे एक उदाहरण दिले आहे. इंदूर संस्थानातील काही गावांच्या सवर्ण हिंदूंनी १९२८ च्या सुमारास बलाई जातीच्या लोकांवर नियम लादले. त्यांनुसार बलाई पुरुषांना जरीकाठी पागोटे आणि रंगीत किंवा नक्षीदार काठांचे धोतर वापरण्यास, तर स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने घालण्यास मनाई करण्यात आली. नियम मान्य न करणाऱ्यांना विहिरीचे पाणी आणि गुरांची चराई बंद करण्यात आली.

याच्या उलट अनुभव लष्करात होता. ब्रिटिश लष्करातील महार शिपायाला इतर शिपायांसारखाच गणवेश मिळत असे. आंबेडकरांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले. शिस्त, स्वच्छता आणि टापटीप यांचे संस्कार त्यामुळे घरातच झाले. मात्र १८९० च्या दशकाच्या प्रारंभी महारांची लष्करभरती थांबवण्यात आली आणि प्रतिष्ठेचा हा मार्ग बंद झाला.

बालपण

आंबेडकरांचा जन्म महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे होय. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्यातील सरकारी इंग्रजी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल करण्यात आले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपाई हजर नसल्यास दिवसभर पाणी मिळत नसे.

कपड्यांच्या बाबतीतही हीच स्थिती होती. साताऱ्यात परीट होते आणि त्यांना पैसे देण्याची कुटुंबाची ऐपतही होती. परंतु अस्पृश्यांचे कपडे धुण्यास कोणताही परीट तयार नसे. त्यामुळे घरातील सर्व कपडे भीमरावांच्या बहिणी धूत. न्हावीदेखील केस कापत नसल्याने हे काम थोरल्या बहिणीने शिकून घेतले होते. पुढील काळात ज्यांचा स्वच्छ पांढरा शर्ट आणि परीटघडीची कॉलर सर्वपरिचित झाली, त्यांचे बालपण परिटाविना गेले होते.

१९०१ साली घडलेला एक प्रसंग आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत सविस्तर लिहून ठेवला. त्या वेळी वडील कोरेगाव येथे नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे यांना इंग्रजी बनावटीचे नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेण्यात आली. मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. पण निरोपाचे पत्र वेळेवर न पोहोचल्याने त्यांना न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तरांचा ती ब्राह्मणांची मुले असल्याचा समज झाला आणि त्यांनी आस्थेने चौकशी केली. मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच त्यांचा चेहरा बदलला व ते मागे सरले. कोणताही गाडीवान मुलांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच बैलगाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर प्रवास सुरू झाला. बरोबर शिदोरी असूनही पिण्यास पाणी न मिळाल्याने मुलांना ती रात्र उपाशी काढावी लागली.

चांगले कपडे माणसाला काही क्षण जातीच्या नजरेपासून दूर ठेवू शकतात, परंतु जातीचा उच्चार होताच त्यांचा प्रभाव संपतो, असा या घटनेचा अर्थ होता. त्यांच्या पुढील आयुष्यात हाच अनुभव वेगवेगळ्या रूपांत पुन्हा आला.

शिक्षण आणि परदेशगमन

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाल्यानंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली त्यांनी एम.ए. पदवी मिळवली. १९१६ साली ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला.

या काळातील छायाचित्रांत ते कोट, ताठ कॉलर आणि टाय अशा पोशाखात दिसतात. न्यूयॉर्क आणि लंडन येथे हा पोशाख प्राध्यापक, विद्यार्थी आणि कारकून सर्वच जण वापरत असल्याने त्यावरून जात ओळखणे शक्य नव्हते. एकाच टेबलावर बसून जेवणे, एकाच वसतिगृहात राहणे आणि दुकानात जाऊन कपडे विकत घेणे या साध्या गोष्टी त्यांना तेथे प्रथमच निर्वेधपणे करता आल्या. कोलंबियातील निवासात त्यांचे सहनिवासी नवल भथेना हे पारशी विद्यार्थी होते. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

कॉलर आणि टाय यांची रचना

आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत कॉलर हा बहुधा शर्टाचा शिवलेला भाग नसे. शर्टाच्या गळपट्टीला पुढे व मागे काजे असत आणि खळ घालून कडक केलेली सुटी कॉलर धातूच्या किंवा हाडाच्या बटणांनी त्यावर बसवली जाई. शर्टापेक्षा कॉलर लवकर मळते. म्हणून एका शर्टाबरोबर अनेक कॉलरी ठेवल्या जात व त्या वेगळ्या धुतल्या जात. पहिल्या महायुद्धानंतर शर्टालाच शिवलेल्या मऊ कॉलरीचा प्रसार झाला आणि पुढील दोन दशकांत सुटी कॉलर मागे पडली. तिचे अवशेष न्यायालयीन व समारंभी पोशाखात राहिले.

टाय बांधलेली कॉलर नीट बसण्यासाठी पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात:

* गळ्याचे माप: सर्वात वरचे बटण लावल्यावर गळा व कॉलर यांच्यामध्ये एक ते दोन बोटे सहज जावीत. कॉलर सैल असल्यास टायची गाठ आवळताच तिला चुण्या पडतात. घट्ट असल्यास टोके वर उचलली जातात.
* गळपट्टीची उंची: दुमडलेल्या कॉलरीखालील उभी पट्टी गळ्याच्या लांबीला साजेशी असावी. आखूड व जाड गळ्याला उंच पट्टी टोचते, तर लांब गळ्यावर बुटकी पट्टी खाली बसल्यासारखी दिसते.
* आतील बकरम: कॉलरीच्या दोन थरांमध्ये शिंपी बकरम घालतात. ते निकृष्ट असल्यास धुण्यात आटते आणि वरच्या कापडावर फुगे येतात.
* टोकांचा ताठपणा: टोके वळू नयेत म्हणून कॉलरीच्या खालच्या बाजूस बारीक कप्पे शिवून त्यांत हाड, धातू किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालतात. धुण्यापूर्वी त्या काढून ठेवाव्या लागतात.
* गाठीचा आकार: कॉलरीच्या दोन टोकांमधील अंतर आणि गाठीची रुंदी यांचा मेळ असावा लागतो. टोके जवळ असल्यास फोर-इन-हँड ही लहान गाठ, तर टोके दूर असल्यास विंडसर प्रकारातील रुंद गाठ योग्य ठरते. गाठीने वरचे बटण पूर्ण झाकले पाहिजे आणि टायची पट्टी मागील बाजूस कॉलरीबाहेर दिसता कामा नये.
* इस्त्री: कॉलरीची इस्त्री टोकांकडून मध्याकडे केली जाते; उलट दिशेने केल्यास टोकांशी सुरकुती साचते.
* कोटाशी मेळ: कॉलरीची टोके कोटाच्या गळ्याखाली जावीत आणि मागील बाजूस कोटाच्या वर कॉलरीची अरुंद पांढरी कड दिसावी.

मुंबईच्या दमट हवेत खळ घातलेली कॉलर घामाने काही तासांत मऊ पडते. असा पोशाख रोज टिकवण्यासाठी धुणे, खळ आणि इस्त्री यांची नियमित सोय लागते. आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत राहत होते. अपुऱ्या उत्पन्नाच्या दिवसांत तो संसार पत्नी रमाबाई यांनी चालवला. तेथून निघून न्यायालयात किंवा महाविद्यालयात उभे राहताना सांभाळलेला पोशाख या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

बडोद्यातील अनुभव

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली आंबेडकर भारतात परतले आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया व लंडन येथे शिकून आलेल्या, पाश्चात्त्य पोशाखातील या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळाली नाही. अखेर त्यांनी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर जाण्याच्या तयारीत असताना काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. इतरत्रही आसरा न मिळाल्याने मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. मसूर स्थानकावरील प्रसंगाची ही प्रौढ वयातील पुनरावृत्ती होती.

प्राध्यापक आणि बॅरिस्टर

१९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले आणि त्याच वर्षी अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी.एस्सी. असे यश मिळवून ते परतले व मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

न्यायालयाचा पोशाख नियमांनी ठरलेला होता. काळा कोट, काळा झगा, ताठ पांढरी कॉलर आणि तिच्याखाली दोन पांढरे बँड ही बॅरिस्टरची खूण होती आणि सर्व बॅरिस्टरांना ती समान होती. तरीही न्यायालयाबाहेर परिस्थिती बदललेली नव्हती. १९२९ साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून केलेल्या खानदेश दौऱ्यात ते चाळीसगावला उतरले असता कोणीही टांगेवाला त्यांना वस्तीपर्यंत नेण्यास तयार झाला नाही. स्थानिक कार्यकर्त्यांनी टांगा भाड्याने घेतला; पण तो हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाच्या हाती दिल्याने अपघात झाला आणि आंबेडकरांच्या पायाचे हाड मोडले. ते त्या वेळी बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य होते.

महाड आणि वस्त्रविषयक आवाहन

२० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. या दुसऱ्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडावी, लुगडे घोट्यापर्यंत नेसावे, गळ्यातील व हातापायांतील जड कथलाचे व हलक्या धातूंचे दागिने टाकून द्यावेत आणि कपडे जुने असले तरी स्वच्छ ठेवावेत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. परिषदेस आलेल्या अनेक स्त्रियांनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली.

या आवाहनात महागड्या कपड्यांचा आग्रह नव्हता. वस्त्रावरून जात ओळखू येऊ नये आणि नेसण्यासंबंधीचा निर्णय नेसणाऱ्याचा असावा, ही त्यामागील भूमिका होती. आंबेडकरांचा स्वतःचा पोशाखही याच भूमिकेशी सुसंगत होता.

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह

नाशिकच्या पंचवटी भागातील काळाराम मंदिर हे पेशवाईच्या उत्तरकाळात सरदार ओढेकर यांनी बांधलेले रामाचे प्रसिद्ध मंदिर आहे. या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. प्रवेशाचा हक्क मिळवण्यासाठी २ मार्च १९३० रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दांडी यात्रा त्यानंतर दहा दिवसांनी निघाली. सत्याग्रहाच्या स्थानिक संघटनेची मुख्य जबाबदारी भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड (१९०२–१९७१) यांनी सांभाळली. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे गायकवाड पुढे कर्मवीर या नावाने ओळखले गेले.

सत्याग्रहासाठी सुमारे पंधरा हजार लोक नाशिकला जमले होते. सुमारे एक मैल लांबीची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिराकडे निघाली. परंतु मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी दरवाजांसमोर बसली; तीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीच्या रथोत्सवात अस्पृश्यांनीही रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात रथ दुसरीकडून पळवण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. तीत आंबेडकरांनाही किरकोळ दुखापत झाली. त्यानंतर मंदिर दीर्घकाळ बंद ठेवण्यात आले. हा लढा चढउतारांसह १९३५ पर्यंत चालू राहिला.

पोशाखाच्या इतिहासाच्या दृष्टीने नाशिकचा लढा महत्त्वाचा आहे. अस्पृश्य अस्वच्छ राहतात म्हणून त्यांना दूर ठेवले जाते, असे समर्थन त्या काळी केले जात असे. परंतु स्वच्छ कपडे घातलेल्या, शिस्तीने बसलेल्या सत्याग्रहींसमोरही दरवाजे उघडले नाहीत आणि परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या त्यांच्या नेत्यालाही प्रवेश मिळाला नाही. प्रश्न स्वच्छतेचा नसून जन्माधिष्ठित दर्जाचा होता, हे त्यातून उघड झाले. मंदिरप्रवेशाचा हक्क पुढे १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायद्याने मान्य झाला.

गोलमेज परिषदा

१२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेस प्रारंभ झाला. आंबेडकर अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून तीनही परिषदांना उपस्थित होते. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत महात्मा गांधी सहभागी झाले आणि दोन परस्परविरोधी पोशाख एकाच व्यासपीठावर आले. बॅरिस्टर असलेल्या गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे पूर्ण पोशाखाचा त्याग करून पंचा स्वीकारला होता. देशातील गरिबांशी एकरूप होणे हा त्यामागील हेतू होता. आंबेडकर मात्र कोट व टाय अशा पोशाखात होते.

या विरोधाकडे केवळ देशी व विदेशी अशा भेदातून पाहणे अपुरे ठरते. पूर्ण वस्त्र वापरणे ज्यांना निर्वेधपणे शक्य होते, त्यांच्या दृष्टीने वस्त्रत्याग हा नैतिक निर्णय होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या, फाटक्या किंवा उतरलेल्या कपड्यांत ठेवण्यात आले, त्यांच्यापाशी त्याग करण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या प्रतिनिधीने पूर्ण पोशाखात वाटाघाटीस बसणे हे बरोबरीच्या दाव्याचे चिन्ह होते. दोन्ही नेत्यांमधील राजकीय मतभेद २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापर्यंत पोहोचले.

येवल्याची घोषणा

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथे भरलेल्या परिषदेत सुमारे दहा हजार लोकांसमोर आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, या आशयाची घोषणा केली. नाशिकचा मंदिरप्रवेशाचा लढा थांबवावा, असा निर्णयही याच परिषदेत झाला. त्याच वर्षी २७ मे रोजी रमाबाईंचे निधन झाले होते आणि जून महिन्यात आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. ज्या ठिकाणी घोषणा झाली, तेथे आज मुक्तिभूमी हे स्मारक आहे.

मंत्रिपद आणि संविधाननिर्मिती

१९३६ साली आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४१ साली महार रेजिमेंटची उभारणी झाली आणि महार सैनिकांना स्वतःच्या नावाची रेजिमेंट व तिचा गणवेश मिळाला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत करण्यात आले. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली.

खादीचा पोशाख सर्वत्र दिसणाऱ्या त्या काळातील सभागृहात आंबेडकरांचा पाश्चात्त्य पोशाख वेगळा उठून दिसे. हिंदू कोड बिलावरून मतभेद झाल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. घरी मात्र ते साधे देशी कपडे वापरत. लुंगी, सदरा किंवा कुडता अशा वेशातील त्यांची छायाचित्रेही उपलब्ध आहेत.

धम्मदीक्षा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी पत्नी सविता यांच्यासह भदंत चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या प्रसंगी त्यांनी नेहमीचा टाय-कोटाचा पोशाख न वापरता पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट परिधान केला होता. दीक्षेसाठी आलेले लाखो अनुयायीही पांढऱ्या वस्त्रांत होते. पांढरे वस्त्र हे बौद्ध उपासकाचे वस्त्र होय. जरीकाठ, रंग व नेसणीची पद्धत यांवरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या समाजात नेता आणि अनुयायी एकाच रंगात उभे राहिले. येवल्याच्या घोषणेची पूर्तता एकवीस वर्षांनी अशी झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ७ डिसेंबर रोजी मुंबईत दादर चौपाटीवर त्यांच्यावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले.

टीका आणि मूल्यमापन

स्वदेशी चळवळीच्या काळात विदेशी पोशाख हा परकीय सत्तेच्या निष्ठेचा पुरावा समजला जात असे. या दृष्टीने आंबेडकरांच्या पोशाखावर टीका झाली. सामान्य अनुयायांपेक्षा नेत्याचा वेश फार वेगळा असल्याचा आक्षेपही घेण्यात आला. हा आक्षेप निराधार नव्हता. त्यांचे बहुसंख्य अनुयायी शेतमजूर, गिरणी कामगार आणि सफाई कामगार होते व असा पोशाख त्यांच्या आवाक्याबाहेर होता.

याउलट, अनुयायांनी या वेशाकडे दुरावा म्हणून पाहिले नाही. आपल्यातील एक माणूस राज्यकर्त्यांच्या व पुढाऱ्यांच्या बरोबरीने त्याच पोशाखात बसतो, याचा त्यांना अभिमान वाटत असे. ज्या पोशाखाला भारतीय जातिव्यवस्थेत ठरलेले स्थान नव्हते, तो स्वीकारल्याने कोणत्याही वरच्या जातीचे अनुकरण करण्याचा प्रश्नही उरत नव्हता. मात्र पोशाखाने अस्पृश्यता जाते, असा आंबेडकरांचा दावा नव्हता. मसूर, बडोदा, चाळीसगाव आणि नाशिक येथील अनुभवांनी त्याच्या मर्यादा त्यांना दाखवून दिल्या होत्या. म्हणूनच पोशाख, शिक्षण, कायदा, राजकीय प्रतिनिधित्व आणि धर्मांतर या सर्व मार्गांचा त्यांनी अवलंब केला.

वारसा

आंबेडकरांचे पुतळे भारतभर असून त्यांपैकी बहुतेकांत ते कोट व टाय अशा वेशात, हाती संविधानाचा ग्रंथ घेतलेले दाखवले जातात. संसद भवनाच्या परिसरातील त्यांच्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी तो घडवला आहे. समकालीन छायाचित्रे बहुतांश कृष्णधवल असली तरी गावोगावच्या रंगीत पुतळ्यांत व चित्रांत कोट निळा असतो. निळा हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या ध्वजाचा आणि पुढे संपूर्ण आंबेडकरी चळवळीचा रंग ठरला.

त्यांच्या वापरातील कपडे व इतर वस्तू पुण्यातील सिंबायोसिस संस्थेच्या आंबेडकर संग्रहालयात आणि नागपूरजवळील चिचोली येथील शांतिवन संग्रहालयात जतन करण्यात आल्या आहेत. आंबेडकर जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि विवाहसमारंभ अशा प्रसंगी कोट व टाय किंवा पांढरे वस्त्र परिधान करण्याची प्रथा अनेक कुटुंबांत रूढ आहे. वस्त्रावरून अपमानित झालेल्या समाजाने वस्त्राच्याच माध्यमातून जपलेली ही आठवण होय.